वस्तीतली कला, शिक्षण आणि सामाजिक न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक न्यायासाठी कला म्हणजे जनजागृतीचे कार्यक्रमच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. जनजागृतीच्या कार्यक्रमात काय सांगायचं ते आधीच ठरलेलं असतं, कुणीतरी ऑफिसात बसून ते लिहिलेलं असतं, मग चार कलाकार वस्तीत येऊन सादर करतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि बॅनर गुंडाळून सगळे घरी. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात ज्यांच्यावर अन्याय होतोय तेच गोष्ट ठरवतात, तेच लिहितात, रंगवतात, गातात, आणि त्या सगळ्या खटपटीत आपल्यावर जे होतंय ते का होतंय हे त्यांना स्वतःला आणि बघणाऱ्यांना कळत जातं. बाहेरचा कलाकार असू शकतो, कधीकधी असावाच, पण तो मदतीला असतो, मालक नसतो.

ओळखायचं कसं? समजा तालमीत वस्तीतली एखादी बाई म्हणाली की हा सीन खोटा आहे, असं आमच्याकडे होत नाही, काढा हा. तर तो सीन निघतो का? निघत असेल तर काम बरोबर चाललंय. "आता स्क्रिप्ट फायनल झालीये ताई" असं उत्तर मिळत असेल तर तो जनजागृतीचाच कार्यक्रम, नाव काहीही असो.

पण कलाच का? मोर्चा, कोर्ट, निवेदनं आहेतच की.

ते सगळं लागतंच, कला त्याच्या जागी येत नाही. पण मोर्चात यायच्या आधी माणसाला हे तर वाटलं पाहिजे की माझ्यावर जे होतंय तो अन्याय आहे, नशीब नाही, आणि ते माझ्या एकट्यावर होत नाहीये. घरात मार खाणारी बाई, मजुरीत फसवला जाणारा माणूस, वर्गात मागे बसवलं जाणारं पोर, हे सगळे आपापल्या जागी गप्प असतात कारण प्रत्येकाला वाटतं की ही फक्त माझी गोष्ट आहे, चारचौघांत काय सांगायची. तीच गोष्ट दुसऱ्या कुणाच्या नावाने समोर घडताना दिसली की पहिल्यांदा बाजूच्याकडे बघितलं जातं, तुझ्याकडेही असंच का, असं. तिथून पुढे बोलणं सुरू होतं. भाषण ऐकून हे होत नाही असं नाही, पण भाषणात बोलणारा एक असतो आणि बाकीचे ऐकणारे असतात, आणि ज्यांनी आयुष्यभर ऐकूनच घेतलंय त्यांना पुन्हा ऐकायलाच बसवायचं का हा माझा प्रश्न आहे.

हे सगळं परदेशी फॅड नाही का?

अजिबात नाही, आणि मराठी माणसाने तर हे विचारूच नये! जोतिराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. त्यात एक जोशी गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि हळूहळू आपण कसे फसलो हे त्या दोघांना कळतं. शेवटी ती दोघं काय करतात? रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचं ठरवतात. म्हणजे नाटक, शिक्षण आणि न्याय या तिन्ही गोष्टी एकाच संहितेत. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारलं नाही यातही नवल नाही.

पुढे 1873 साली सत्यशोधक समाज निघाला आणि त्याचे विचार गावोगाव नेले ते जलशांनी. तमाशाचा लोकांच्या अंगवळणी पडलेला साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला, कर्मकांडावर, सावकारीवर, शिक्षण नाकारण्यावर बोट ठेवलं. मग आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार 1930 च्या दशकात चळवळ गाण्यातून सांगत फिरत होते. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ शाळेत जेमतेम गेलेले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं अशा हजारो लोकांपर्यंत विचार असा ऐकून पोचला. त्यामुळे ब्राझील, केनिया, अमेरिका यांची उदाहरणं खाली येतील ती जरूर वाचा, पण आपण कुणाची नक्कल करतोय असं वाटून घेऊ नका.

शिक्षणाचा यात नेमका काय संबंध?

ब्राझीलमधले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचं काम बघितलं की हा प्रश्न सुटतो. 1963 मध्ये ईशान्य ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात त्यांच्या पद्धतीने सुमारे 300 जणांना, बहुतेक कष्टकऱ्यांना, साधारण 40 तासांच्या वर्गात लिहायवाचायला शिकवलं गेलं. सुरुवात अक्षरांपासून नव्हतीच. आधी त्या लोकांच्याच जगण्यातलं चित्र समोर ठेवायचं, म्हणजे शेत, विहीर, विटा, राबणारा माणूस, आणि त्यावर गप्पा मारायच्या की यात काय दिसतं, हे कुणी बनवलं, कुणाच्या मालकीचं आहे, असं का. फ्रान्सिस्को ब्रेनांद नावाच्या चित्रकाराने फ्रेरेंच्या वर्गांसाठी अशी चित्रं काढून दिली होती. गप्पांमधून जो शब्द वर यायचा, समजा वीट, तो फोडून अक्षरं शिकायची.

आता हे लक्षात घ्या की तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षर माणसाला मतदानाचा हक्कच नव्हता. म्हणजे वाचता येणं ही थेट सत्तेतल्या वाट्याची गोष्ट होती. 1964 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, फ्रेरेंना तुरुंगात टाकलं आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. चित्र बघून गप्पा मारणाऱ्या वर्गाला सरकार इतकं का घाबरलं याचा विचार करा.

अमेरिकेच्या दक्षिणेतही वाचनाचा आणि मताचा असाच संबंध होता. तिथे काळ्या नागरिकांना मतदार नोंदणीच्या वेळी वाचनाच्या परीक्षा लावून अडवलं जायचं. कार्यकर्ते घडवणाऱ्या टेनेसीमधल्या हायलँडर फोक स्कूलच्या मदतीने सेप्टिमा क्लार्क आणि इसाउ जेंकिन्स यांनी 1957 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंडवर मोठ्यांसाठी वर्ग सुरू केले. पहिली शिक्षिका बर्निस रॉबिन्सन, व्यवसायाने ब्यूटिशियन. मुद्दामच असं ठरवलं होतं की शिकवणारी व्यक्ती आपल्यातली हवी, शिक्षकी थाटाची नको. पुढे दिसायला किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग. तिथे तरी काय शिकवायचं? तुम्हाला काय शिकायचंय हे रॉबिन्सनने आधी लोकांनाच विचारलं, तर लोक म्हणाले आपलं नाव लिहायचंय, ऑर्डरचा फॉर्म भरायचाय, मत द्यायचंय.

फोरम नाटक हा शब्द खूप ऐकतो. ते करतात कसं?

याला जरा वेळ देतो कारण नवीन गटाला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा प्रकार हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

ब्राझीलचेच नाटककार ऑगुस्टो बोआल यांनी तो आकाराला आणला. 1971 मध्ये त्यांना अटक झाली, छळ झाला, मग ते परागंदा झाले. 1973 मध्ये पेरूत साक्षरतेच्या एका मोहिमेत ते काम करत होते तेव्हा प्रेक्षकांतल्या लोकांनी उपाय सुचवायचे आणि नटांनी ते करून दाखवायचे अशी पद्धत होती. एका प्रयोगात नवऱ्याने फसवलेल्या बायकोची गोष्ट चालली होती. प्रेक्षकांतल्या एका बाईने सांगितलं की तिने नवऱ्याशी नीट स्पष्ट बोलावं. नटांनी एकदा करून दाखवलं, तिला पटलं नाही, परत केलं, परत नाही. शेवटी बोआल म्हणाले की तुम्हीच या आणि दाखवा, तर ती बाई वर आली, झाडू हातात घेतला आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला चांगला चोपला. स्पष्ट बोलणं म्हणजे तिच्या लेखी काय हे तेव्हा सगळ्यांना समजलं. तिथून बोआलनी प्रेक्षकाला मंचावर आणायचं ठरवलं.

आता पद्धत. दहा-पंधरा मिनिटांचं छोटं नाटक बसवायचं, त्यात अन्याय होतो आणि शेवट वाईट होतो, मुद्दाम वाईटच ठेवायचा, तोडगा दाखवायचा नाही. एकदा पूर्ण करायचं. मग सूत्रधार, ज्याला जोकर म्हणतात, तो लोकांना विचारतो की हे असंच व्हायला हवं होतं का, कुठे वेगळं करता आलं असतं. नाटक परत सुरू होतं आणि कुणीही "थांबा" म्हणून ते अडवू शकतं, सोसणाऱ्या पात्राच्या जागी उभं राहून आपला मार्ग करून बघू शकतं. समोरचे नट मात्र सोडत नाहीत, मालक मालकासारखाच वागतो, सासू सासूसारखीच, म्हणजे उपाय खरंच चालेल का हे तिथेच तपासलं जातं. एक गेला की दुसरा येतो.

जोकरने काय करू नये हे जास्त महत्त्वाचं आहे. त्याने "हे उत्तर बरोबर" असं म्हणायचं नाही. जुलूम करणाऱ्याचं पात्र बदलून त्याला एकदम सज्जन करायला परवानगी द्यायची नाही, कारण खऱ्या आयुष्यात तो सकाळी उठून सज्जन होत नसतो. आणि पहिली पाच मिनिटं कुणीच उठलं नाही तर घाबरून स्वतः भाषण सुरू करायचं नाही, शांत उभं राहायचं, कुणीतरी उठतंच. बंगालमध्ये जन संस्कृती हा गट 1985 पासून खेडोपाडी हेच करतोय, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

आमच्या गटात कुणालाच नाटक जमत नाही. मग?

मग नाटक नका करू. कापड, भिंत, गाणं, फोटो, गोधडीचे तुकडे, काहीही चालतं. चिलीमध्ये 1973 च्या लष्करी उठावानंतर ज्या बायकांची मुलं, नवरे गायब केले गेले त्या बायका एकत्र बसून जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची चित्रं शिवायच्या, त्या चित्रांना आर्पिएरा म्हणतात. छळ, रिकामी खुर्ची, "ते कुठे आहेत" असे प्रश्न, सगळं टाक्याटाक्याने शिवलेलं. चर्चच्या मदतीने ती परदेशात विकली गेली, म्हणजे घरात थोडे पैसेही आले आणि जे देशात छापता येत नव्हतं ते जगाने बघितलं. शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे सुरुवातीला कोण कशाला लक्ष देतंय.

भिंतीचं उदाहरण हवं असेल तर लॉस एंजेलिसची ग्रेट वॉल. चित्रकार ज्युडी बाका यांच्या पुढाकाराने 1976 पासून पूरनियंत्रणाच्या कालव्याच्या भिंतीवर जवळपास 840 मीटर लांबीचं चित्र उभं राहिलं, कॅलिफोर्नियाचा इतिहास, पण पाठ्यपुस्तकात ज्यांना जागा नाही त्यांच्या बाजूने. 400 हून जास्त तरुण मुलामुलींनी ते रंगवलं, त्यातली बरीच पोलिसांच्या फेऱ्यात सापडलेली. त्यांना त्या कामाचे पैसे मिळत होते, आणि रंगवायच्या आधी इतिहास शिकावा लागायचा. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे भिंत रंगवताना विसरल्या जातात, मुलांच्या हातात आयतं डिझाइन देऊन रंग भरायला लावतात आणि त्याला सहभाग म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही त्या वस्तीतले नाही. आम्ही जावं का?

बोलावलं असेल तर नक्की जा. बोलावलं नसेल तर आधी तिथे कोण काय करतंय ते बघा, कारण जवळपास प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गाणारं, लिहिणारं, पोरांना शिकवणारं आधीच असतं, फक्त त्यांच्याकडे लेटरहेड नसतं.

केनियातलं कामिरिथू गाव इथे आठवतं. न्गुगी वा थियोंगो हे तेव्हा नावाजलेले लेखक, विद्यापीठात प्राध्यापक, इंग्रजीत लिहिणारे. गावातल्या केंद्रात आधी प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालले, मग 1977 मध्ये न्गुगी वा मिरी यांच्यासोबत गावकऱ्यांच्या गिकुयु भाषेत नाटक लिहिलं गेलं. तालमी उघड्यावर होत, गावकरी येता-जाता बघत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी चुकीची भाषा घातलीये, कारखान्यात असं नसतं, असं सांगून संवाद बदलायला लावत. सुमारे 2000 जण बसतील असं खुलं थिएटर गावकऱ्यांनी स्वतः बांधलं. प्रयोग सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सरकारने परवानगी काढून घेतली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगींना खटला न चालवता स्थानबद्ध केलं, आणि 1982 मध्ये पोलिसांनी थिएटरच पाडलं. एवढा मोठा लेखक गावकऱ्यांकडून आपलं लिखाण दुरुस्त करून घेतो. बाहेरून जाणाऱ्याने निदान तेवढं करायची तयारी ठेवावी.

लोकांना त्यांचं दुःख सगळ्यांसमोर सांगायला लावणं योग्य आहे का?

लावणं कधीच योग्य नाही. हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा आणि फार कमी लोक विचारतात. ज्या बाईने कार्यशाळेत रडत रडत काही सांगितलं तिला रात्री त्याच घरात परत जायचं असतं, आणि तिची गोष्ट मंचावर ओळखू आली तर मार तिला बसणार, आपल्याला नाही. म्हणून गोष्टी नेहमी तीन-चार जणींच्या मिळून एक करा, नाव, काम, घरातली माणसं बदला. "मी आज हो म्हटलं पण उद्या नको वाटतंय" हे म्हणायची मुभा प्रयोगाच्या सकाळपर्यंत असली पाहिजे. व्हिडिओ काढायची परवानगी वेगळी घ्या, प्रयोगाला हो म्हणजे मोबाइलवर फिरायला हो असं होत नाही. आणि अत्याचारासारखा विषय असेल तर समुपदेशन करणारी व्यक्ती आणि कायद्याची माहिती असणारी व्यक्ती हाताशी ठेवूनच काम करा, नसेल तर तो विषय तूर्त घेऊ नका.

लहान मुलांच्या बाबतीत हे सगळं दुप्पट कडक. त्यांच्याकडून त्यांच्याच गरिबीवर किंवा घरच्या भांडणावर नाटक करून घेऊन पाहुण्यांसमोर दाखवायचं हे तर बंदच व्हायला पाहिजे.

अशा कामात कलेचा दर्जा घसरतो असं म्हणतात.

घसरतो तेव्हा कारण आळस असतं, विषय नाही. लोकांनी केलंय म्हणून कसंही चालेल असं म्हणणं हा लोकांचा अपमान आहे. सुरात गाणं, ऐकू येईल असं बोलणं, रंग टिकेल असा लावणं, याला सराव लागतो आणि तो करून घ्यायचा. शाहिरांचा आवाज विनामाइक शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो रियाजाने.

पैसे कुठून आणायचे?

जमेल तिथून, पण अटी वाचून. देणगीदाराने विषय किंवा शेवट ठरवायची अट घातली तर नाही म्हणा. वस्तीतल्या कलाकारांना मानधन आधी, बॅनर आणि टी-शर्ट नंतर. बाहेरून आलेल्या ट्रेनरला पैसे आणि रोजंदारी बुडवून तालमीला येणाऱ्यांना फक्त प्रमाणपत्र, असं बजेट मी अन्यायकारकच मानतो, मग कार्यक्रम न्यायावर असला तरी. हिशोब गटासमोर मोठ्याने वाचा.

विरोध झाला, धमक्या आल्या तर?

विषय खरा असेल तर विरोध होतो. 1 जानेवारी 1989 ला दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूरमध्ये जन नाट्य मंचाचा पथनाट्याचा प्रयोग चालू असताना हल्ला झाला, मंचाचे एक संस्थापक सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले, राम बहादूर नावाचा कामगारही मारला गेला. 4 जानेवारीला सफदरच्या पत्नी मोलोयश्री हाश्मी आणि त्यांचा गट त्याच जागी परत गेला आणि अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. हे वाचून अंगावर काटा येतो, पण प्रत्येक गटाने असंच धाडस करावं असं मी सांगणार नाही. त्यांच्यामागे कामगारांची संघटना होती, हजारो लोक होते. एकट्या चार पोरांच्या गटाने आधी आपल्यामागे कोण उभं राहील ते बघावं, वकिलाचा नंबर, ओळखीचा पत्रकार, वस्तीतली वजनदार माणसं, बायकांचे गट. प्रयोगाला परवानगी लागते का ते आधी विचारून लेखी घ्या. आणि धोका कोण घेतंय हे गटात उघड बोला, कारण गाव सोडून जाता येणाऱ्याने गावातच राहणाऱ्याच्या वतीने शूर व्हायचं नसतं.

शाळेत हे करता येतं का?

येतं, मुख्याध्यापक सोबत असतील तर सोपं जातं. एकच सांगतो, स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर नाटक बसवण्यापेक्षा वर्षभर इतिहासाच्या किंवा भाषेच्या तासाला करा. मुलांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगा की तुमच्यावेळी शाळेत कोण येऊ शकत नव्हतं, आणि त्यातून गाणं, चित्र, प्रसंग काहीही होऊ दे. मुख्य भूमिका दरवेळी त्याच चार गोऱ्यागोमट्या, बोलक्या मुलांना जात असतील तर नाटक समतेवर असून उपयोग काय.

परिणाम झाला हे कसं कळणार?

किती प्रयोग, किती प्रेक्षक हे आकडे रिपोर्टला लागतात म्हणून ठेवा, पण त्यातून फारसं काही कळत नाही. बघायचं ते हे की आधी न बोलणारं कोण आता बैठकीत बोलतंय, तक्रार करायला कुणी गेलं का, गटाचा पुढचा विषय कुणी सुचवला.

कधी परिणाम थेट दिसतो. बोआल 1993 ते 1996 रिओच्या नगरपरिषदेत निवडून आलेले सदस्य होते, तेव्हा त्यांनी शहरातल्या वेगवेगळ्या गटांकडून फोरम नाटकं करून घेतली आणि लोकांनी मंचावर सुचवलेल्या उपायांतून कायद्यांचे मसुदे केले, त्यातले 13 मंजूर झाले. कधी परिणाम हळू असतो. अहमदाबादचं छारानगर ही छारा समाजाची वस्ती, ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यातली एक. 1952 मध्ये तो शिक्का कायद्याने गेला, लोकांच्या आणि पोलिसांच्या डोक्यातून गेला नाही. 1998 मध्ये तिथे महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्या पुढाकाराने वाचनालय सुरू झालं, आणि तिथे जमणाऱ्या तरुणांनी पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या, बंगालमधल्या अशाच एका जमातीतल्या बुधन सबरवर नाटक केलं. त्यातून उभं राहिलेलं बुधन थिएटर आजही आहे. त्यातून नट झाले, वकील झाले, पत्रकार झाले. तीन महिन्यांच्या प्रोजेक्टच्या शेवटी हे कुठल्या रकान्यात लिहिणार? म्हणून निदान तीन वर्षं एकाच ठिकाणी राहायची तयारी असेल तरच सुरू करा.

सुरुवात नेमकी कुठून करू?

आठवड्यातून एक ठरलेली वेळ, एक ठरलेली जागा, जिथे बायका आणि मुली बिनधास्त येऊ शकतील आणि जिथे कुठल्याही जातीच्या माणसाला यायला अडचण वाटणार नाही. आधी दोन महिने काहीही बसवू नका. गाणी म्हणा, जुनी गाणी गोळा करा, वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, वस्तीचा नकाशा सगळ्यांनी मिळून जमिनीवर काढा आणि पाणी कुठे येतं, दिवा कुठे नाही, कुठून जायला भीती वाटते हे त्यावर खुणा करून दाखवा. भांडणं होतील नकाशावरून, होऊ द्या, विषय तिथेच सापडतो. विषय ठरला की मग ठरवा नाटक की भिंत की गाणं. पहिला प्रयोग गटातल्या लोकांच्या घरच्यांसमोरच करा, बाहेरचं कुणी बोलवू नका, आणि संपल्यावर खुर्च्या उचलायच्या आधी अर्धा तास फक्त त्यांचं ऐका.